काम किती, सांडलं किती

आमच्या सरांनी उभी हयात पदार्थविज्ञान शिकवलं आणि वर्गात ‘उष्णता’ हा शब्द एकदाही उच्चारला नाही, असं त्यांचे जुने विद्यार्थी शपथेवर सांगतात. मी त्यांच्याकडे पीएच.डी.ला होते ती त्यांच्या नोकरीची शेवटची पाच वर्षं. तेवढ्यापुरती साक्ष मीही देते. सर ‘सांडलं’ म्हणायचे. त्यांच्या लेखी जगात ऊर्जेला दोनच वाटा. शिस्तीत एका दिशेने गेली तर ते काम. दहा दिशांना पांगली, पुन्हा गोळा करता येईना, की ते सांडलं. नाशिकच्या त्या कॉलेजात आम्ही रेणूंवर लेझरचा प्रकाश टाकून बघायचो, आणि रोज सकाळी दारातूनच सरांचा प्रश्न यायचा, “काय बाई, काम किती, सांडलं किती?”

हा प्रश्न त्यांनी रेणूंपुरता ठेवला असता तर ठीक होतं. पण प्राचार्यांचं भाषण संपलं की टाळ्यांच्या आवाजात ते माझ्याकडे वाकून तेच विचारायचे, आणि मला हसू आवरता आवरत नसे. माझ्या लग्नासाठी मुलगा बघण्याचा कार्यक्रम झाला, दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेले तर सर म्हणाले, “दोन तास बोललात म्हणे. काम किती, सांडलं किती?”

मी म्हटलं, “सर, सगळं सांडलंच.”

“मग चांगला आहे,” सर म्हणाले. “करून टाक लग्न.”

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी काचेचा थर्मामीटर असायचा. चहा आला की आधी तो चहात बुडणार, मग सर आकडा मोठ्याने वाचणार, मग घोट. रविवारी मिसळ खायला जात तिथेही तेच. रश्श्यात थर्मामीटर बुडवून चष्मा वर करून वाचायला लागले की शेजारच्या टेबलावरची माणसं हात आखडता घ्यायची. शेवटी मिसळवाले काका हात जोडून म्हणाले, “सर, लोकांना वाटतं तपासणीवाले आले. तुमची मिसळ घरी पाठवू का?” सरांना फार वाईट वाटलं. पुढच्या रविवारपासून थर्मामीटर रुमालाआड धरून बुडवायला लागले. बुडवायचं काही सोडलं नाही.

लेझरच्या खोलीबाहेर पेढ्यांचा एक रिकामा खोका होता. त्यावर सरांनी स्केचपेनने ‘आहेर’ असं लिहून ठेवलं होतं. चकचकीत वस्तूवरून लेझरचा किरण उसळला तर थेट डोळ्यात जातो. म्हणून आत जाण्याआधी अंगठी, घड्याळ, बांगड्या, मंगळसूत्र, सगळं त्या खोक्यात काढून ठेवायचं. लग्नानंतर मी पहिल्यांदा कामावर गेले ती कोपरापर्यंत हिरवा चुडा भरून. सरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “आला, नटलेला रेणू आला. बाई, इथे माणसांनी उतरवायचं आणि रेणूने नटायचं.” हिरवा चुडा उतरवायचा म्हटल्यावर घरी सासूबाईंनी डोक्याला हात लावला. मी तो रोज उतरवला आणि रोज संध्याकाळी परत भरला. त्यात दोन बांगड्या फुटल्या.

नटलेला रेणू हा आमच्या कामातलाच शब्द. तो जरा सांगते, कारण पुढे सगळं त्याच्यावरच येऊन ठेपणार आहे.

द्रावणात एक रेणू आहे असं समजा. लेझर त्याला झोके देतो, ते काम. भोवतालचे रेणू त्याला धक्के मारून त्याची ऊर्जा पांगवतात, ते सांडणं. रेणूने कुठला रंग किती गिळला हे यंत्र रेघांनी दाखवतं. बाकीचे लोक रेघ कुठे आहे ते बघतात. सर म्हणायचे, “रेघ कुठे आहे ते राहू दे, किती फुगलीय ते बघ. फुगवटा म्हणजे सांडलेलं.” वाफेच्या इंजिनांसाठी माणसाने जे नियम शोधले, ते एकट्यादुकट्या रेणूला कसे लागू करायचे, हा आमचा विषय. त्याचं इंग्रजी नाव क्वांटम थर्मोडायनॅमिक्स आणि भारदस्त मराठी नाव पुंज उष्मागतिकी. पण त्यात ‘उष्मा’ येतो ना! त्यामुळे कुणी विषय विचारला की सर म्हणायचे, “पुंज… ते आपलं, सांडण्याचं शास्त्र.”

आता लेझर मंद असेल तर रेणू आपला जसा आहे तसा राहतो. पण तोच जोरदार लावला की रेणू आणि प्रकाश मिळून एक वेगळंच काहीतरी होऊन बसतं. एका रेघेच्या आजूबाजूला दोन नव्या रेघा उमटतात. रेणू नटला, असं आम्ही म्हणायचो.

या सांडण्याचं वेड त्यांना इगतपुरीत लागलं होतं. त्यांचे वडील रेल्वेत होते. घाट चढताना गाडीला मागून रेटायला जादा इंजिनं लावतात, त्यातलं एक ते चालवायचे. गाडी वर पोचली की मागची इंजिनं सुटतात आणि गाडी पुढे निघून जाते. “माझ्या बापाने आयुष्यभर गाड्या ढकलल्या,” सर सांगायचे, “पण गाडी कुणी आणली म्हणून विचाराल तर पुढच्या ड्रायव्हरचं नाव.” लहानपणी त्यांनी वडिलांना विचारलं होतं की एवढं रेटून वर चढवलेली गाडी खाली उतरते, तेव्हा ते सगळं रेटणं जातं कुठे? वडील त्यांना घाटाखाली घेऊन गेले, नुकत्याच उतरून आलेल्या मालगाडीपाशी उभं केलं आणि म्हणाले, “इथे जातं. हात लाव.” सरांनी खरंच ब्रेकला बोट लावलं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर भाजल्याचा डाग कायमचा राहिला, आणि फळ्यावर लिहिताना तो आम्हाला दिसायचा.

सर लिहायचे ते फक्त लग्नपत्रिकांच्या पाठीवर. वही वापरत नसत. “कागद जाड, पाठ कोरी, आणि मांडवात जेवून आल्याची आठवण राहते,” असं त्यांचं म्हणणं. कुणाकुणाची पोरं-पोरी संसाराला लागली होती आणि त्यांच्या पाठीवर सरांची गणितं चालली होती. माझ्या लग्नाला सर आले नाहीत. पत्रिका मात्र मी स्वतः हातात दिली होती, चांगली जाड, सोनेरी किनारीची. पण त्यांच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात ती मला कधीच दिसली नाही. हरवली असणार, असं धरून मी मनातल्या मनात थोडी रुसले होते.

पाचव्या वर्षी माझ्या गणितातून एक भलतंच उत्तर आलं. जोरदार लेझरमधला आमचा रेणू म्हणे भोवतालचं सांडलेलं उचलत होता आणि शिस्तीत प्रकाशाला परत देत होता. म्हणजे फरशीवर सांडलेलं दूध आपणहून पातेल्यात परत यावं तसं. मी चार वेळा तपासलं. सरांनी सहा पत्रिका भरून तपासलं. पुंज नियमांची काहीतरी करामत असेल, असं आम्ही एकमेकांना पटवलं. परदेशातल्या एका मोठ्या नियतकालिकाला लेख पाठवला. त्यांच्या दोन तज्ज्ञांनी वाचून तो स्वीकारला. सरांनी त्या दिवशी अख्ख्या विभागाला चहा पाजला आणि एकाच्याही चहात थर्मामीटर घातला नाही.

त्या लेखावर आम्हा दोघांचंही सगळं टांगलेलं होतं, हे आधी स्पष्ट सांगते. मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की घरी बसा. शहरातल्या एका कॉलेजात बऱ्याच वर्षांनी एक कायम जागा निघाली होती आणि माझी मुलाखत होती. हा लेख नावावर असता तर ती जागा माझीच, असं जो तो म्हणत होता. आणि सर मार्चअखेर निवृत्त होणार होते. एवढ्या वर्षांत एकाही नावाजलेल्या नियतकालिकात त्यांचं नाव आलं नव्हतं. स्टाफरूममध्ये त्यांच्या थर्मामीटरच्या नकला व्हायच्या, त्या त्यांना माहीत होत्या.

जानेवारीत निफाडला कडाक्याची थंडी पडली. माझं माहेर तिकडचं, आमची द्राक्षबाग आहे. थंडीत बागेत शेकोट्या करून धूर करतात असं मी एकदा बोलले होते. सर हट्टालाच पेटले. “सांडलेलं कामाला लावतात म्हणजे काय? मला बघायचंय.” पहिल्या एसटीने गेलो. उजाडत होतं. नाना, म्हणजे माझे वडील, कानाला मफलर गुंडाळून बांधावर छाटणीच्या काड्या पेटवत होते. सरांनी चहा घेण्याआधी थर्मामीटर काढला आणि दोन ओळींच्या मध्ये उकिडवे बसले.

“किती हाय सर?” नानांनी विचारलं.

“चार.”

“लय झाली. कालच्याला पाच व्हती.”

सर वेलाच्या खोडावर हात फिरवत म्हणाले, “नाना, हे खोड एवढं चिवट दिसतंय. याला थंडीची काय भीती?”

“खोडाला काय धाड भरलीय?” नाना म्हणाले. “नुसत्या लाकडाला कितीबी थंडी पडू द्या, काय व्हत नाय. आता मण्यात पाणी उतरलंय, म्हून तडा जातो. थंडी तीच हाय सर. पण ती येल नाय बघत. येल आज कोणत्या घडीला हाय, ते बघती.”

माझ्या हातात चहाचा ग्लास होता. तो तसाच राहिला.

कारण माझी चूक नानांनी, माझ्या दहावी नापास बापाने, बांधावर उभं राहून सांगून टाकली होती. लेझरचे झोके मी नटलेल्या रेणूला दिले होते, ते बरोबर. पण भोवतालचे धक्के लिहिताना मी जुना, साधा, न नटलेला रेणूच धरला होता. भोवतालाला काय ठाऊक साधा रेणू? त्याच्यासमोर जो उभा आहे तो नटलेला आहे. धक्केही त्यालाच बसणार. अर्धं गणित एका रेणूचं, अर्धं दुसऱ्याचं, आणि मधल्या फटीतून ते दूध पातेल्यात परत येत होतं.

मी सरांकडे बघितलं. ते द्राक्षाचा एक मणी डोळ्यांजवळ धरून त्यावरची चीर निरखत होते. यांना काही लक्षात आलेलं नाही, असं मला वाटलं आणि हायसं वाटलं. हो, हायसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. परतीच्या एसटीत सर माझ्या पुढच्या सीटवर बसून कसल्याशा पत्रिकेच्या पाठीवर लिहीत होते. ते नेहमीच लिहायचे, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही.

घरी येऊन गणित दुरुस्त केलं. फक्त तीन पायऱ्या. तिसऱ्या पायरीला ती सगळी करामत नाहीशी झाली. रेणू चारचौघांसारखाच निघाला, लेझरकडून घेत होता आणि भोवताली सांडत होता.

मग मी गप्प बसले. अकरा दिवस. मुलाखत होऊ दे, मग बघू. कदाचित कुणाच्या लक्षातच येणार नाही. दोन परदेशी तज्ज्ञांच्या आलं नाही, तर मुलाखत घेणाऱ्यांच्या कशाला येतंय? असं स्वतःला समजवायचे आणि कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे. नवरा म्हणाला, “काय झालंय तुला?” त्याच्यावरच खेकसले.

त्या अकरा दिवसांत एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती, ती आली नाही. सरांनी त्यांचा प्रश्न विचारणं बंद केलं होतं. सकाळी यायचे, मान हलवायचे, खुर्चीत बसायचे. चहा थर्मामीटरशिवाय ओठाला लावायचे आणि जीभ पोळून घ्यायचे. लेखाच्या आनंदात असतील, असं मी धरलं.

बाराव्या दिवशी सकाळी छापायचा मसुदा आला. एकदा वाचा आणि होकार कळवा, असं पत्र सोबत. सर माझ्या मागे उभे होते. “पाठवून दे,” म्हणाले. आवाज जरा कोरडा वाटला. मी बटणावर बोट ठेवलं. काय झालं मला माहीत नाही, मंगळसूत्र काढलं आणि उठून बाहेरच्या खोक्यात ठेवून आले. लेझर तर बंदच होता. परत येऊन म्हटलं, “सर, चूक आहे. धक्के मी साध्या रेणूचे लिहिलेत. नटलेल्याचे लिहायला हवे होते.”

सर खुर्चीत बसले. त्या भाजलेल्या बोटाने टेबलावर रेघा ओढत राहिले.

“कधी कळलं?”

“नानांच्या बागेत.”

“मग इतके दिवस?”

“मुलाखत, सर.” मला भयंकर लाज वाटली. रडूच फुटलं.

सरांनी ड्रॉवर उघडला, आतून एक पत्रिका काढली आणि माझ्यापुढे सरकवली. सोनेरी किनार. माझीच होती. उलटून बघते तर मागे सरांच्या बारीक अक्षरात तीच दुरुस्ती, त्याच तीन पायऱ्या. खाली तारीख घातली होती. बागेतल्या त्या सकाळची.

माझं रडणं जागच्या जागी थांबलं आणि मी भडकले. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं? माझी परीक्षा बघत होतात?”

“परीक्षा कसली गं,” सर म्हणाले. “मला वाटलं, तुला कळलं नाही. म्हटलं, तिला कळलं नसेल तर मलाही कळलं नाही असं धरू या. मार्चपर्यंतच तर धरायचं होतं.” मग खिडकीकडे बघत म्हणाले, “बापासारखं मागून ढकलतच आलो मी. एकदा वाटलं, पुढे नाव लागावं.”

दोघंही गुन्हेगार. दोघंही एकाच खोलीत, एकमेकांपासून लपवत. कुणी कुणाला बोलणार? बाहेर शिपाईकाका घंटा देत होते, पोरं वर्ग बदलत होती.

मग आम्ही पत्र लिहिलं. ‘आमच्या मांडणीतली एक मूलभूत चूक आम्हाला नुकतीच आढळली असून लेख मागे घेत आहोत.’ सरांनी ते वाचलं आणि ‘नुकतीच’ हा शब्द खोडला. “अकरा दिवस म्हणजे नुकतंच नाही,” म्हणाले. पाठवायचं बटण त्यांनी दाबलं नाही, मीही दाबलं नाही. म्हणजे कोण दाबणार यावर पाच मिनिटं आमचं ‘तुम्ही’, ‘तू’ चाललं. शेवटी माझ्या बोटावर बोट ठेवून त्यांनी दाबलं.

मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, “तो तुमचा लेख कुठाय?”

“मागे घेतला.”

“का?”

“चुकला होता.”

मंडळींनी एकमेकांकडे बघितलं. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले, आणि सरांवर राग धरला. त्यांचा काय दोष, हे कळत होतं. तरी धरला. खरं बोलायला लावलं म्हणावं तर तसंही नाही, बोलले तर मीच होते. पण राग काढायला माणूस लागतं आणि जवळचं माणूस तेच होतं.

सरांच्या निरोप समारंभाला मी गेले, मागे बसले. भाषणं झाली. सरांनी आभार मानले ते चार वाक्यांत. जाताना माझ्या हातात ‘आहेर’ लिहिलेला तो पेढ्यांचा खोका दिला. आत माझी पत्रिका होती. “तुझीच आहे,” म्हणाले. “महत्त्वाचं काही लिहायला मिळेल म्हणून राखून ठेवली होती.” मी घेतली. घरी गेल्यावर कपाटात वरच्या फळीवर टाकली. सर इगतपुरीला राहायला गेले, आणि मी फोनही केला नाही.

दुरुस्त गणितावर पुढे वर्षभर एकटीने काम केलं. करामत गेली होती, पण खाली एक लहानसं खरं उत्तर शिल्लक होतं. नटलेल्या रेणूच्या त्या आजूबाजूच्या दोन रेघा सारख्या फुगत नाहीत, आणि त्यांच्या फरकावरून कुठल्या बाजूला किती सांडतंय ते वाचता येतं. छोटा लेख झाला, साध्याशा नियतकालिकात छापून आला. दोघांची नावं होती. मी सरांचं आधी घातलं.

अंक हातात आला त्या दिवशी दुपारी एक चिन्ह पुन्हा ताडून बघावं म्हणून मी ती पत्रिका खाली काढली. तीन पायऱ्या, त्याखाली बागेतल्या सकाळची तारीख. आणि त्याच्याही खाली, अगदी किनारीला टेकून, वेगळ्या शाईत आणखी एक ओळ होती. ती मी तेव्हा वाचली नव्हती, कारण तेव्हा ती लिहिलेलीच नव्हती. ओळीच्या सुरुवातीला तारीख होती, आम्ही पत्र पाठवलं त्या दिवसाची. पुढे लिहिलं होतं, ‘आज बोललो. ती आधी.’

मी तिथेच फरशीवर बसले आणि सरांना फोन लावला. रिंग वाजली. पलीकडून कपबशीचा आवाज आला, मागे घाट चढणाऱ्या गाडीचा भोंगा. मला ‘हॅलो’ म्हणता येईना.

“काय बाई,” सर म्हणाले, “काम किती, सांडलं किती?”

पदराने नाक पुसत मी कसंबसं म्हटलं, “सर, सगळं सांडलंच.”

“मग चांगलं आहे,” सर म्हणाले. “ये चहाला.”